जयराम गप्प झाला तेव्हा

आचऱ्याहून कणकवलीच्या रस्त्याला लागलं की काही अंतरावर उजव्या हाताला लाल मातीचा एक फाटा फुटतो. तो टेंबवाडीत जाऊन संपतो. वाडीत एकवीस घरं, आणि त्या एकवीस घरांत परवान्याच्या बंदुका दोन. एक वरच्या अंगाला राहणाऱ्या शंकरची, दुसरी जयरामची.

जयरामची बंदूक त्याच्या बापाच्या वेळची. शेतीच्या राखणीसाठी मिळालेला परवाना बाप गेल्यावर जयरामच्या नावावर झाला, तेव्हा तो पंचविशीत होता. आता पन्नाशी उलटली. भात पोटरीला आलं की रानडुकरं यायची आणि काजूची बोंडं खाली पडायला लागली की पुन्हा यायची. वनखात्याचा कागद हातात असेल तर डुकरावर बार, नसेल तर हवेत. बाकी सगळं काम म्हणजे बसणं. आंब्याच्या किंवा काजूच्या झाडावर चार बांबूंचा माळा बांधायचा आणि पहाटेपासून उजाडेपर्यंत त्यावर न हलता, न खोकता बसून राहायचं. वाडीत कुणी विचारलं, "जयराम खंय?" तर बायको मथुरा सांगायची, "बसूक गेलो." कुणाला जास्त काही सांगावं लागत नसे.

माळ्यावर दगडासारखा बसणारा हा माणूस जमिनीवर उतरला की मात्र त्याचं तोंड थांबत नसे. गजालीला, म्हणजे गप्पांना, त्याच्यासारखा माणूस नाही. दुकानाच्या बाकड्यावर, एसटीच्या थांब्यावर, देवळाच्या पायरीवर, जिथे दोन माणसं दिसतील तिथे जयराम तिसरा. पण त्याचं बोलणं कुणी मनावर घेत नसे. देवळातल्या बैठकीत तो उभा राहून काही सांगू लागला की पुढचे लोक आपापसात बोलायला लागत. दाजी म्हणून गावचे एक मानकरी होते, ते हसत म्हणायचे, "जयराम, तू बस रे. तुका बसाकच बरा येता." सगळे हसायचे. जयरामही हसायचा. घरी आल्यावर मात्र जेवताना तो भाताकडे बघत बसायचा आणि मथुरा काही विचारायची नाही.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात विहिरीच्या चिऱ्याच्या पायरीवरून त्याचा पाय घसरला आणि नळीचं हाड मोडलं. दीड महिना प्लास्टर. मुलगी सलोनी ओरोसला नर्सिंगच्या कोर्सला होती. ती चार दिवस येऊन राहिली आणि जाताना आपला जुना मोबाईल बापाला देऊन गेली. "बाबा, ह्येच्यात पिक्चर भरून ठेवलंय. बघा आणि आईक त्रास देव नकात."

त्यात सात-आठ पिक्चर होते. त्यातला एक कुठल्याशा परदेशातला, हिंदी आवाज घातलेला. एका थंड बंदराच्या गावात छत्र्या दुरुस्त करणारा एक माणूस राहतो. त्याचं नाव शेवटपर्यंत कळत नाही. छत्र्या हा दिखावा. तो सुपारी घेऊन माणसं मारतो.

जयराम पडल्या पडल्या बघत होता. नायक समोरच्या इमारतीत एका रिकाम्या खोलीत शिरतो, खिडकीपासून मागे सरकून अंधारात स्टूल ठेवतो आणि बसतो. तीन दिवस बसतो. समोरच्या दोरीवरच्या कपड्यांकडे बघून वारा ओळखतो. आणि तोंड किंचित उघडं ठेवतो.

जयराम कोपरावर उठून बसला. तोंड उघडं ठेवलं की कानाला बारीक आवाज लवकर पोचतो, हे त्याला बापाने शिकवलं होतं, आणि बापाला आज्याने. हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. आणि इथे, समुद्रापलीकडच्या कुठल्या तरी गावातला गोरा माणूस तेच करत होता. बंदुकांचे पिक्चर जयरामने आयुष्यात पुष्कळ पाहिले होते. सगळ्यांत धावाधाव, आरडाओरडा, एका माणसाला वीस गोळ्या. बसणं कुणी दाखवलं नव्हतं. त्याचं सगळं आयुष्य ज्यात गेलं ते काम कुणीतरी इतक्या मानाने दाखवलं होतं.

पिक्चर संपला तसा त्याने तो परत लावला.

दीड महिन्यात त्याने तो किती वेळा बघितला याची गणती नव्हती. पण त्यातही एक जागा त्याची खास झाली. एक श्रीमंत माणूस छत्रीवाल्याच्या दुकानात येतो, काउंटरवर टेकून एक नाव सांगतो, जागा सांगतो, वेळ सांगतो. छत्रीवाला हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. हातातली छत्री उघडतो, मिटतो, गिऱ्हाइकाकडे एकदा बघतो. तो श्रीमंत माणूस घाम पुसत निघून जातो. तेवढंच. जयराम तो भाग बोटाने मागे ओढून ओढून बघायचा. न बोलता समोरच्याला घाम फुटतो, हे त्याला नवीन होतं. आपण एवढं बोलूनही कधी कुणाच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही, असं त्याच्या मनात यायचं.

एका दुपारी मथुरा काजूच्या बिया फोडत त्याच्या शेजारी बसली होती. तिने सूप बाजूला ठेवलं आणि पाऊण तास पिक्चर बघितला.

"ह्येका घर नाय?" तिने विचारलं.

"आसा मा. वरती खोली आसा त्येची."

"खोली म्हणजे घर न्हय. आणि ज्येका मारलो त्येच्या घरात मगे काय झाला, ता दाखवणत नाय?"

"पिक्चर त्येचो न्हय गो," जयराम म्हणाला.

"तर मगे कोणाचो?" असं म्हणून तिने सूप पुन्हा मांडीवर ओढलं. पुढे तिने तो पिक्चर कधी बघितला नाही.

पाय बरा झाला. जयराम हिंडू-फिरू लागला, पण दुकानाच्या बाकड्यावर बसला की गप्प बसू लागला. आधी मुद्दाम. कुणी काही विचारलं की एकदा बघायचं, चहा प्यायचा, उठायचं. पहिल्या आठवड्यात लोकांना वाटलं, दुखण्याने खचलाय. दुसऱ्या आठवड्यात दुकानदार भाईने आपणहून त्याला बाकड्यावर जागा करून दिली. महिन्याभरात असं झालं की जयराम आला की चाललेल्या गजालीचा आवाज थोडा खाली यायचा. हे सोपं होतं. इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. हळूहळू मुद्दाम गप्प राहावं लागेनासं झालं.

दिवाळीनंतर शाळेच्या वाटेवर एक पिसाळलेला कुत्रा फिरू लागला. दोन गुरांना चावला. दाजी स्वतः जयरामच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात आले. "जयराम, पोरांची वाट आसा. तूच काय ता बघ."

जयरामने त्यांच्याकडे एकदा बघितलं, तेवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला, शाळेच्या गडग्याआड, दगडी कुंपणामागे बसून त्याने एका बारात कुत्रा पाडला. बघायला लोक जमले होते. कुत्र्याकडे न बघता तो बंदूक खांद्याला लावून गर्दीतून चालत गेला आणि गर्दीने वाट दिली. दाजीसुद्धा बाजूला झाले. त्या दिवशी त्याला जे वाटलं ते त्याने मथुरालाही सांगितलं नाही. ती त्याला बंदूक पुसताना बघत होती. "कुत्रो मारून माणूस इतको खूश कसो?" ती म्हणाली. तो नळी पुसत राहिला. आताशा तो घरातही उत्तर देत नसे.

शिमगा झाला, काजूचा हंगाम भरात आला, आणि एका दुपारी पांढरी मोटार खळ्यापाशी येऊन थांबली. गुरुप्रसादशेट उतरले.

गुरुप्रसादशेट हे शेजारच्या देऊळगावातलं मोठं नाव. काजूचा कारखाना, दोन दुकानं, शाळा-कॉलेजांच्या संस्थांवर माणसं ओळखीची. अलीकडे त्यांनी टेंबवाडीच्या वरचा अख्खा माळ घेतला होता. तिथे पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी बंगल्यांचे प्लॉट पाडायचे होते. पण रस्ता आणि माळ यांच्या मधोमध लवूची काजी होती, दीड एकराची काजूची बाग. लवू जयरामचा शेजारी. बायको वारली, एकुलती मुलगी आरोंद्याला दिलेली. लवू एकटा, हट्टी, आणि काजीवर जीव असलेला. त्याने रस्त्याला जमीन द्यायला तीन वेळा नकार दिला होता. हे सगळ्या वाडीला माहीत होतं.

शेट पडवीत बाकावर बसले. मथुराने पाणी आणि गूळ आणून ठेवला आणि ती मागल्या दाराला गेली.

"पाय बरो आसा मा आता?" शेटांनी विचारलं. "कुत्र्याची गजाल आयकली मी. एकाच बारात, म्हणतत. सगळे सांगतत, जयराम बोलणा नाय, पण हात एकदम थंड. माका अशी माणसा आवडतत."

जयराम बघत राहिला.

"ह्या वर्षी डुकरा खूप. माझ्या माळाक पण येतत. खालसून, लवूच्या काजीतल्या वाटेन." शेट थोडं थांबले. मग त्यांनी मालवणी सोडली आणि ते कचेरीत बोलतात तसं मराठी बोलू लागले. "लवू रोज पहाटे साडेपाच-सहाला त्याच वाटेने बिया वेचायला जातो. अंगावर काळं कांबळं असतं, वाकलेला असतो. दरवर्षी कुठे ना कुठे पेपरात येतं बघ, डुक्कर समजून माणसावर बार झाला. वाईट होतं. पण चूक ती चूक. कोर्टही समजून घेतं. चांगला वकील दिला की माणूस सुटतो."

मागल्या दारी मथुराचा बिया फोडण्याचा आवाज चालू होता.

"निवडणूक कधीही लागेल. लागली की सगळ्या बंदुका ठाण्यात जमा. मग दोन-अडीच महिने कोणी बसणार नाही. जे काय बसायचं ते त्याच्या आधी." शेटांनी सोबतच्या पिशवीतून काडतुसांचा एक नवा पुडा काढून बाकावर ठेवला. "भातकापणीच्या वेळी तू एक डुक्कर पाडलंस. कागद नव्हता तुझ्याकडे. मी कुणाला बोललो नाही, बोलणारही नाही. आणि सलोनीचा कोर्स संपेल आता. नोकरीचं बघू आपण. चांगली मुलगी आहे."

जयरामला बोलायचं होतं. काय ते त्याला कळत नव्हतं. आणि त्याच वेळी, लाज वाटावी अशी गोष्ट, त्याला त्या दुकानातला काउंटर दिसत होता. शेटांच्या कपाळावर घाम होता. जयरामने शेटांकडे एकदा बघितलं, तांब्या उचलला, पाण्याचा घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला.

शेट उठले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. "येतंय मी. समजलो मी," ते म्हणाले आणि मोटारीत बसले.

मोटार फाट्याला वळल्यावर जयरामच्या ध्यानात आलं की आपण हो म्हणून बसलो आहोत.

त्याला वाटलं, धावत जावं. फोन करावा. पण काय म्हणून करायचा? शेटांनी काही सांगितलंच नव्हतं. डुकरं येतात म्हणाले, लवू पहाटे जातो म्हणाले. यातलं खोटं काहीच नव्हतं. त्याने पुडा उचलून पोटमाळ्यावरच्या पेटीत ठेवला, मग काढला, भाताच्या कणगीमागे ठेवला. मथुरा दारात उभी राहून बघत होती.

"शेट कित्याक इल्ले?"

"डुकराचा सांगूक."

"डुकराचा सांगूक मोटार घेवन?" ती म्हणाली. तो कणगीवरचं झाकण नीट करू लागला. ती बराच वेळ तिथेच उभी राहिली.

पुढचे आठ दिवस त्याला जेवण गेलं नाही. दुकानात भाई म्हणाला, "निवडणूक लागतली ह्या आठवड्यात, पोलीस पाटलाकडे निरोप इलो हा." शेटांची मोटार वाडीच्या रस्त्याने दोनदा जाऊन आली. थांबली नाही. एकदा काच खाली होती आणि शेटांनी नुसती मान हलवली. भाईने ते बघितलं आणि जयरामकडे बघितलं. जयरामला आधी जो मान वाटायचा, तो आता अंगावर ओल्या कपड्यासारखा चिकटला होता. तो पुन्हा बोलायला लागला असता तर लोकांनी विचारलं असतं, काय झालं.

नवव्या दिवशी पहाटे तो बसायला गेला.

आपण डुकरासाठी जातोय, असं त्याने स्वतःला सांगितलं. त्याची स्वतःची काजी लवूच्या काजीला लागूनच होती, मधे फक्त गडगा. त्याच्या माळ्यावरून लवूची वाट दिसायची, ती तीस वर्षं दिसतच होती. डुकरं खरंच येत होती, खाली बोंडं तुडवलेली होती. त्याने बंदुकीत काडतूस भरलं. कुठल्या पुड्यातलं, ते त्याने बघितलं नाही, पण हाताला नवा कागद लागला होता.

उजाडायला लागलं होतं. बोंडांचा आंबूस वास. जयराम तोंड किंचित उघडं ठेवून बसला. आणि आठ दिवसांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. हात थंड, छाती संथ. इथे त्याला कुणाला काही सांगायचं नव्हतं.

गडग्यापलीकडे सुकी पानं वाजली.

थांबली. पुन्हा वाजली. खाली झुडपात काहीतरी काळं, जमिनीलगत, पुढे सरकत होतं. डुक्कर बोंडं खाताना असंच सरकतं, दोन पावलं, थांबणं, दोन पावलं. बंदूक खांद्याला कधी आली हे त्याला कळलं नाही. नळीच्या टोकाला ते काळं आलं. बोट घोड्यावर होतं. मनात काहीच नव्हतं. राग नव्हता, भीती नव्हती, शेट नव्हते. तसं रिकामं आणि नेमकं त्याला आयुष्यात क्वचितच वाटलं होतं, आणि नंतर त्याला सर्वांत जास्त भीती वाटली ती याचीच.

कारण त्या काळ्याच्या एका कडेला बांबूची परडी होती. ती त्याला दिसली होती. परडी दिसल्यावरही त्याने नळी खाली घेतली नव्हती. किती वेळ, ते त्याला सांगता येत नाही. दोन श्वास असतील.

"जयराम," खालून लवूचा आवाज आला. तो वाकलेलाच होता, बिया वेचत होता, वर न बघता बोलत होता. "आसस मा रे वर? काल तुझो माळो बांधलेलो बघितलंय. म्हटला, आज बसलो असतलो."

जयराम गप्प.

"बोलणस नाय तू आताशा. बरा नाय ता. तुझी गजाल नसली की सकाळ सुनी वाटता."

जयरामचं बोट घोड्यावरून सुटलं. ते इतकं आखडलं होतं की दुसऱ्या हाताने सोडवावं लागलं. त्याने तोंड उघडलं तर आवाज फुटेना. मग फुटला.

"आसय," तो म्हणाला. "आसय रे, लवू. थंयच थांब. हलू नको. मी खाली येतंय."

त्याने काडतूस काढून खिशात टाकलं आणि माळ्यावरून उतरताना बांबूवर नडगी सोलवटून घेतली. गडगा ओलांडून तो लवूसमोर गेला. लवू त्याच्या चेहऱ्याकडे बघून परडी खाली ठेवून उभा राहिला.

जयरामने सगळं सांगितलं. मोटार, पुडा, पेपरातल्या बातम्या, सलोनीची नोकरी. आपण गप्प राहिलो ते सांगितलं. परडी दिसल्यावरही नळी धरून ठेवली होती, तेही सांगितलं. हे सांगायची गरज नव्हती, पण एकदा बोलायला लागल्यावर त्याला थांबता येईना.

लवूने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग अंगावरचं काळं कांबळं काढून त्याने त्याची घडी केली आणि परडीत ठेवली. "दोन श्वास?" त्याने विचारलं.

"असतले."

"माझ्या आवशीच्या मर्तिकाक तू खांदो दिल्लस, जयराम," लवू म्हणाला आणि घराच्या दिशेने चालायला लागला.

त्याच दिवशी दहा वाजता जयराम बंदूक कापडात गुंडाळून एसटीने ठाण्यात गेला. ठाण्यातला हवालदार म्हणाला, "अजून आदेश नाही आला. आल्यावर या."

"ठेवून घ्या, साहेब," जयराम म्हणाला. "मला परत नको. परवानापण नको." तिथे तो कचेरीतली मराठी बोलत होता आणि एका दमात बोलत होता. हवालदाराने तीनदा विचारलं, काही झालंय का. जयराम म्हणाला, एका माणसाने मला चूक करायला सांगितली आहे. नाव सांगितलं. हवालदाराने कागद पुढे ओढला, पेन उचललं आणि विचारलं, "त्यांनी नेमकं काय शब्द वापरले?" जयरामने आठवून आठवून सांगितलं. सांगून झाल्यावर कागदावर जे उतरलं होतं ते इतकंच होतं की एक माणूस आला आणि डुकरं खूप झाली आहेत असं म्हणाला. हवालदाराने बंदूक जमा करून पावती दिली. काडतुसांचा पुडाही त्याने ठेवून घेतला.

घरी आल्यावर त्याने मथुराला सांगितलं. ती चुलीपाशी बसली होती. तिने ऐकून घेतलं, उठून बाहेर गेली, आणि संध्याकाळपर्यंत लवूच्या घरी त्याच्या ओसरीवर बसून राहिली. लवूशी ती काय बोलली ते जयरामला कधी कळलं नाही. तीन-चार दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. सलोनीचा फोन आला तेव्हा मात्र तिने सांगितलं, "नोकरी तुझी तू शोध. कोणी आपणाहून देवक इलो तर घेव नको."

शेट आले नाहीत. एकदाच आचऱ्याच्या बाजारात समोरासमोर आले. भोवती माणसं होती. "काय जयराम, बंदूक देवन टाकलंस म्हणे," ते मोकळेपणाने म्हणाले. "बरा केलंस. वय झाला आता तुझा." आणि पुढे गेले.

निवडणूक झाली. जमा झालेल्या बंदुका घरोघरी परत आल्या. शंकरची आली. काजीत अजून शेवटची बोंडं होती. आणि एका दुपारी दुकानातून परत येताना जयरामने वरच्या अंगाला, शंकरच्या खळ्यापाशी ती पांढरी मोटार उभी बघितली.

मोटार जाईपर्यंत तो रस्त्यावरच थांबला. मग शंकरकडे गेला. शंकर चाळिशीचा, दिसायला उग्र, बोलायला कमी. तो पहिल्यापासूनच कमी बोलणारा. पडवीत बसून जयरामने त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. शंकर दोर वळत होता. दोर वळता वळता त्याने एकदा जयरामकडे बघितलं.

"शेट तुझ्याकडे काय म्हणान इल्ले?" जयरामने विचारलं.

"डुकराचा सांगूक," शंकर म्हणाला.

"शंकर, तू तेंका काय म्हणालंस?"

शंकरने दोराचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं आणि वळत राहिला. जयराम आणखी अर्धा तास बसला. मग उठला.

त्याने लवूला सांगितलं. लवू म्हणाला, "आरोंद्याक जावन ऱ्हवू? चेडू बोलावता. पण बियो कोण वेचतलो?" आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला परडी घेऊन निघाला. फाटकापाशी जयराम उभा होता, हातात नुसती काठी. लवूने त्याच्याकडे बघितलं. त्या पहाटेनंतर दोघं एका बाकड्यावर बसले नव्हते. पण त्याने नको म्हटलं नाही.

त्या दिवसापासून हंगाम संपेपर्यंत जयराम रोज लवूबरोबर जात राहिला. पुढे जयराम, मागे लवू. आणि वाटभर जयराम मोठ्याने बोलायचा. कुणाची म्हैस व्याली, एसटी किती उशिरा आली, मथुराच्या सोलकढीत आज तिखट जास्त झालं. लवू एकदा म्हणाला, "हळू बोल रे, कान फुटतत." "डुकरा बोलणत नाय," जयराम म्हणाला आणि तसाच मोठ्याने बोलत राहिला.

हंगामाच्या शेवटच्या दिवसांतली एक सकाळ. झाडांवर बोंडं उरली नव्हती, खाली पडलेल्या थोड्या बिया वेचायच्या होत्या. दोघं वाटेच्या वळणावर आले तर वरच्या बाजूला, शंकरच्या आंब्यावर नवा माळा दिसला. बांबू अजून हिरवे होते. जयरामचं बोलणं मधेच तुटलं. लवू त्याच्या पाठीवर येऊन धडकला.

पानांत काही हललं नाही. कोण बसलं असेल तर चांगलं बसलं होतं.

"शंकर," जयरामने हाक मारली. "आमी आसो. मी आणि लवू."

थोडा वेळ काहीच नाही. मग पानांतून शंकरचा आवाज आला, शांत, जवळून बोलल्यासारखा.

"जावा," तो म्हणाला. "माका दिसतास."

दोघं चालू लागले. लवूने जयरामचा सदरा मागून मुठीत धरला होता. जयराम पुन्हा बोलू लागला, म्हशीचं की एसटीचं ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं, आणि गडग्याच्या कोपऱ्यापर्यंत, जिथे आंबा नजरेआड होतो, तिथपर्यंत तो न थांबता बोलत राहिला.